वीरण्णाच्या नखांतला गाळ

१

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास वीरण्णाला त्याच्याच विहिरीतून बाहेर काढलं. कपाळावर मधोमध जखम होती आणि दहाही बोटांच्या नखांत काळा गाळ गच्च भरला होता. काठावर जमलेल्या माणसांना जखम दिसली. नखांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

देगलूरच्या बाजारात वीरण्णाचं भांड्यांचं दुकान होतं, वय बावन्न. पण पंचक्रोशी त्याला ओळखायची ती पोहण्यासाठी. कुणाची घागर विहिरीत पडली, कुणाच्या मोटारीच्या पाइपची जाळी गाळानं तुंबली, की वीरण्णाला बोलावणं जायचं. दुकान तसंच उघडं टाकून तो निघायचा आणि एका दमात तळ गाठायचा. पाठीला वाळके भोपळे बांधून त्यानं किती पोरांना पोहायला शिकवलं, त्याचा हिशेब त्यालाही सांगता आला नसता. असा माणूस दिवसाढवळ्या, स्वतःच्या विहिरीत बुडाला, यावर कोण विश्वास ठेवणार?

त्या वेळी विहिरीवर त्याच्याबरोबर एकच माणूस होता, धाकटा भाऊ मृत्युंजय. तो पायऱ्यांवर चिंब भिजून बसला होता आणि विचारेल त्याला एवढंच सांगत होता, "अण्णा बुडी मारला. वर आलाच न्हाई."

आदल्या दिवशी सोमवार होता. महादेवाच्या देवळात आरतीच्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि वीरण्णा झोकांडी खाऊन शेजारणीच्या ताटावर कोसळला. मागचा महिनाभर बाजारात कुजबुज होतीच की वीरण्णा पिऊ लागलाय. मृत्युंजयनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि पन्नास माणसांच्या समोर म्हणाला, "आपल्या घरात दारू कधी शिरली न्हवती. अशा माणसानं बुडून मेलेलं बरं."

वीरण्णाची बायको पार्वतम्मा हे वाक्य विसरली नव्हती. नवऱ्याचं कपाळ बघितलं आणि तिनं दिराकडं बोट केलं. "ह्यानंच मारलं. काल बोलला, आज करून दाखवला."

संध्याकाळी वीरण्णाला लिंगायत रीतीनं पुरून समाधी दिली, तेव्हा मृत्युंजय पोलीस ठाण्याच्या कोठडीत होता.

२

तपास फौजदार उज्वलाकडं आला. ती मूळची नायगावची, देगलूरला बदलून येऊन आठ महिने झाले होते. कमी बोलणारी बाई. समोरचा गप्प झाला तरी तिला घाई नसायची, त्यामुळं माणसं तिच्यासमोर ठरवलं त्याहून जास्त बोलून जात.

हवालदार अमृतराव मात्र घाईत होते. "मॅडम, सरळ हाय. दगड घातला आन् लोटला. बुडणारा माणूस काठ खरवडतोच, म्हणून नखांत माती."

उज्वला शवविच्छेदनाचा अहवाल वाचत होती. फुप्फुसांत पाणी, म्हणजे बुडूनच मृत्यू. पोटात दारूचा अंश नाही. जखम उथळ, हाड शाबूत. उजव्या हाताची दोन नखं उचकटलेली.

"काठ बघू या," ती म्हणाली.

विहीर गावापासून सहा किलोमीटरवर, सोयाबीनच्या रानात होती. वरून पाण्यापर्यंत घडीव काळा दगड, त्याखाली कातळ. उज्वलानं पायऱ्या उतरून दगडांवरून बोट फिरवलं. शेवाळ लागलं, माती नाही. पाणी मात्र नुकत्याच झालेल्या पावसानं चहासारखं झालेलं. खोली चार पुरुष, म्हणजे चोवीसेक फूट.

ज्या भोयानं मुडदा काढला होता त्याला तिनं पुन्हा उतरवलं. तो वर आला तेव्हा त्याच्या मुठीत काळा, चिकट गाळ होता.

"हा कुठं आहे?"

"तळालाच, दुसरीकडं कुठंच न्हाई. अन् मॅडम, ते सापडले तिथं खड्डा पडलाय. उकरल्यावानी. खड्ड्यात एक दगड वर आलेला हाय."

"आणि पाइपची जाळी?"

"साफ हाय की. हातानं चाचपलो."

उज्वलानं मोटार चालू करायला सांगितली. पाइपानं घुटका घेतला आणि पाटात जोरात पाणी पडलं.

अमृतराव पाण्याकडं बघत राहिले. दगड आधीच डोक्यात घातला असता तर वीरण्णानं खाली जाऊन जाळी साफ केली नसती. काम संपेपर्यंत तो शुद्धीत होता, हात चालत होते. खड्डा पडला तेव्हाही चालत होते. कपाळ त्या तळातल्या दगडावर आपटलं असणार. आणि एवढ्या खोल पाण्याखाली जाऊन कुणी कुणाला धरून ठेवू शकत नाही.

"मग अडकले असतील," ते म्हणाले.

"कशात? तिथं ना जाळं, ना दोरी. आत्महत्या म्हणाल, तर मरायला गेलेला माणूस नखं उचकटेपर्यंत झटत नाही." उज्वला पायरीवर बसली. "तो जगायला धडपडत होता, अमृतराव. ज्याला वर यायचंय, तो तळ कशाला उकरील?"

३

कोठडीत मृत्युंजय भिंतीला टेकून बसला होता. पंचेचाळीस वर्षांचा, बायको वारून दहा वर्षं झालेली, जेवायला थोरल्या भावाच्या घरी. दोघांचं रान एक, मोटार एक.

"विहिरीत उतरायचं कुणी ठरवलं?"

"मी. जाळी तुंबली होती. दुसरा माणूस बोलावता आला असता. पण काल मी पन्नास माणसांत त्याची इज्जत घालवलो. रातभर झोप न्हाई. सकाळी वाटलं, त्याला त्याचं काम करू द्यावं. जमिनीवर कितीबी झोकांड्या खाऊ दे, पाण्यात तर माझा अण्णा राजा हाय. म्हणून म्हणलो, अण्णा, तूच उतर. लई खूश झाला."

"दारू प्यालेला होता?"

"न्हाई. वास न्हवता. वास कधीच येत न्हवता, त्याचंच मला नवल वाटायचं."

"पुढं?"

"पाइप धरून खाली गेला. मी वरच्या पायरीवर. बुडबुडे आले, गाळ वर आला, म्हणलं जाळी साफ करून राहिला. मग गाळ पाइपापासून पाच-सहा हातांवर उसळायला लागला. मला कळंना, तो तिकडं काय करून राहिला. लई वेळ उसळत होता. मग थांबला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी उडी मारलो. तीनदा खाली गेलो. मला तेवढं खोल जमत न्हाई, कान फुटायला येतेत."

शेजारच्या रानात सोयाबीन काढणाऱ्या बसम्मानं आपल्या जबाबात हेच सांगितलं होतं. तिला मृत्युंजय आधी काठावर उभा दिसला, मग हाका मारताना, मग उडी मारताना.

बोलणं चाललं असतानाच बसम्मा दारात आली. तिच्या हातात डबा होता. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी. सलग दुसऱ्या दिवशी. मृत्युंजयनं डबा घेतला आणि न उघडता शेजारी ठेवला.

ठाण्याबाहेर आल्यावर अमृतराव म्हणाले, "ह्याचं बोलणं खरं वाटायलंय. पण मॅडम, खरं असलं तरी त्याचा अर्थ काय?"

उज्वलानं गाडी वीरण्णाच्या घराकडं घ्यायला सांगितली.

४

वीरण्णाच्या घरी पुढच्या खोलीत पार्वतम्मा बसली होती. मुलगी सुकन्या आतून पाणी घेऊन आली. तेवीस वर्षांची, गावातल्याच एका खासगी दवाखान्यात नर्स. तिनं पाणी ठेवलं आणि आईच्या मागं उभी राहिली.

"ताई, ते प्यायला कधीपासून लागले?" उज्वलानं विचारलं.

"महिना-सव्वा महिना झाला."

"तुम्ही कधी बघितलं?"

"बघितलं न्हाई. बाटली न्हाई, वास न्हाई. लई हुशारीनं पीत असतील." पार्वतम्मानं पदर डोळ्याला लावला. "पण चाल बघून कळतंय की. पहाटे अंधारात भिंत धरून मोरीत जायचे. दिवा लावला की सरळ चालायचे. तोंड धुवायला गेले की पडायचे."

"तोंड धुताना?"

"हाव. साबण लावला, डोळे मिटले, की धाडकन. दोनदा लागलं. मग खाली बसूनच धुवायला लागले. आन् बाजारात माणसं नाराज. म्हणायचे, वीरण्णा आता ओळख देत न्हाई, समोरून निघून जातो. मी विचारलं तर म्हणले, चालताना सगळ्याची तोंडं नाचतेत, थांबलं की नीट दिसतंय. दारूड्याचंच बोलणं न्हवं का हे?"

उज्वलानं सगळं लिहून घेतलं. अंधारात पडतो, उजेडात नाही. डोळे मिटले की पडतो. देवळातही डोळे मिटल्यावरच पडला होता. प्यालेला माणूस उजेड-अंधार बघून पडत नाही.

"त्याआधी काही आजार?"

"साखर होती आधीपास्न. श्रावणात टाचंत खिळा घुसला, लई चिघळलं. नांदेडच्या डॉक्टरला दाखवलं. इंजेक्शनं घेतली, बरं झालं."

"त्याची फाइल?"

पार्वतम्मानं लोखंडी कपाटाकडं हात केला. सुकन्या पुढं झाली नाही, तेव्हा ती स्वतः उठली. कपाटात रेशन कार्ड होतं, दुकानाचे कागद होते, साखरेच्या जुन्या तपासण्या होत्या. श्रावणातली फाइल नव्हती. "हितंच होती," पार्वतम्मा पुटपुटली. "पिवळी फाइल. मीच ठेवली होती."

उज्वला निघताना सुकन्या दारापर्यंत आली. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली.

"मॅडम, त्या दिवशी पाणी गढूळ होतं का?"

"हो. काहीच दिसणार नाही इतकं."

सुकन्यानं मान खाली घातली आणि दार लोटून घेतलं.

५

दुसऱ्या दिवशी उज्वला नांदेडला गेली. कानाच्या तज्ज्ञ डॉ. शिवकांता यांची तिची जुनी ओळख होती. तोल जाण्याचा कानाशी काहीतरी संबंध असतो, एवढंच उज्वलाला कुठंतरी ऐकून माहीत होतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिला चाकाच्या फिरत्या खुर्चीत बसवलं. "पाय उचला. डोळे मिटा." खुर्ची हळूच फिरली. "कुठल्या बाजूला वळलात?"

"उजव्या."

"कशावरून? बघितलं नाही, पाय जमिनीला नाहीत."

उज्वलाला सांगता येईना. कळलं होतं, एवढं खरं.

"आपण पाच इंद्रियं मोजतो आणि थांबतो," डॉक्टर म्हणाल्या. "या सहाव्या बिचाऱ्याला नावसुद्धा नाही. कानाच्या आत, खोल, पाण्यानं भरलेल्या तीन बारीक नळ्या असतात. मान वळली की आतलं पाणी हलतं आणि मेंदूला कळतं. त्याच्या शेजारी चुन्याचे बारीक कण असतात, लगद्यावर बसलेले. ते वजनानं खाली ओढले जातात. खाली कुठं आणि वर कुठं, हे ते सांगतात. झोपेतसुद्धा. आपण कधी त्यांची आठवणही काढत नाही."

"आणि ते बंद पडलं तर?"

"जमिनीवर माणूस चालवून नेतो. डोळे सांगतात, तळपाय सांगतात. म्हणून उजेडात ठीक. डोळे मिटले की गेला. चालताना चित्र हलतं, कारण मान हलली की डोळे स्थिर ठेवायचं कामही हेच इंद्रिय करतं. लोकांना वाटतं, प्यायलाय. आणि ऐकू मात्र छान येतं, म्हणून कानाची शंका कुणाला येत नाही."

"पाण्यात, डॉक्टर?"

"स्वच्छ पाण्यात वरचा उजेड दिसतो. गढूळ पाण्यात डोळे गेले, पाय अधांतरी. त्यानं पाइप धरला होता तोवर वर-खाली कळत होतं. जाळी साफ करायला दोन्ही हात लागले असतील, तिथं पाइप सुटला. एकदा अंग उलटं झालं की..."

"की वर समजून तो खाली गेला."

"जेवढा पट्टीचा पोहणारा, तेवढ्या जोरानं गेला असेल. हाताला गाळ लागला तरी पटकन पटलं नसेल. दम संपत आलेला माणूस विचार करत नाही. त्याला वाटलं असेल काहीतरी आड आलंय, ते बाजूला केलं की हवा आहे." त्यांनी चष्मा काढला. "मेल्यावर हे तपासून सिद्ध करणं अवघड. पण तुम्ही सांगितलेली लक्षणं पुस्तकात छापल्यासारखी आहेत."

"हे इंद्रिय जातं कशानं?"

"बऱ्याच कारणांनी. पण साखर, पायाची जखम आणि त्यानंतर लगेच असं झालं म्हणता, तर मी आधी इंजेक्शनं कोणती आणि किती दिवस घेतली ते विचारीन. एक जुनं, चांगलं औषध आहे. आठवडाभर दिलं तर जीव वाचवतं. लांबवलं, त्यात साखरेनं मूत्रपिंड कमजोर असलं, तर आतल्या त्या पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत."

उज्वला उठली. आता तिला पिवळी फाइल हवी होती. आणि ती फाइल कपाटातून कुणी काढली, हेही परतीच्या वाटेवर तिला उमगत गेलं.

६

मृत्युंजय कोठडीत होता, तो फाइल नेऊ शकत नव्हता. पार्वतम्मानं लपवली असती तर तिनं फाइल आहे असं सांगितलंच नसतं. उरलं एकच माणूस. पण नुसतं उरलं म्हणून उज्वलाला तिच्यावर बोट ठेवायचं नव्हतं. ठाण्यात पोचल्यावर तिनं डबा घेऊन आलेल्या बसम्माला थांबवलं.

"मावशी, हा डबा तुम्ही करता?"

"मी न्हाई बाई. सुकन्या करती. अव्वाला, तिच्या आईला, कळू देऊ नको म्हणली."

ज्याच्यावर आपल्या बापाच्या खुनाचा आळ आहे, त्याला पोरगी रोज स्वतःच्या हातानं भाकरी करून पाठवते, ती एकाच कारणानं. त्यानं खून केला नाही हे तिला ठाऊक असतं. आणि बाप बुडाल्यावर पाणी किती होतं, कुणी ढकललं, हे न विचारता पाणी गढूळ होतं का असं विचारते, तेव्हा बाप का बुडाला हेही तिला कळलेलं असतं.

उज्वला दवाखान्यात गेली. दुपारची वेळ, ओपीडी संपलेली. घरी बसवेना म्हणून कामावर आलेली सुकन्या एका रिकाम्या खाटेवर चादर घालत होती. उज्वलाला बघून ती चादर तशीच हातात धरून उभी राहिली.

"इंजेक्शनं तू देत होतीस," उज्वला म्हणाली.

"हो."

"किती दिवस?"

"चिठ्ठीवर सात लिहिली होती." तिचा आवाज सपाट होता. "सात दिवसांनी जखम अर्धी भरली होती, पू थांबला नव्हता. नांदेडला परत दाखवायचं होतं, पण आप्पा तयार होईनात. आजोबांचा पाय साखरेनं कापला होता. आप्पांना तेच भ्या होतं, की परत गेलो की कापतील. म्हणाले, गुण येतोय तर तूच दे की. मी दिलं. चोवीस दिवस. रक्त तपासायला हवं होतं मधून. मला माहीत होतं, शिकलेय मी. उद्या करू, उद्या करू केलं. पाय वाचला, मॅडम. जखम इतकी सुंदर भरली."

"आणि मग ते पडायला लागले."

"त्या दिवसापासून मी बंद केलं. पुस्तक काढून वाचलं. तिथं लिहिलं होतं, तोल जाऊ शकतो. पाण्याबद्दल एक ओळ नव्हती. मला वाटलं, दिवाळीनंतर नांदेडला नेऊ, तोवर सवय होईल. कुणाला सांगितलं नाही. लोक दारुडा म्हणत होते, आई म्हणत होती, तरी मी सांगितलं नाही. सांगितलं तर विचारतील, कशानं झालं." चादर तिच्या हातात चुरगळत होती. "आप्पांना घरी आणलं तेव्हा मी त्यांचे हात धुतले. समाधीच्या आधी. नखांतला गाळ निघत नव्हता. तेव्हा कळलं."

"आणि काकाला धरलं तेव्हा?"

"वाटलं, एक दिवसात सोडतील. मग वाटलं, दोन दिवसांत. आईला सांगायचं धाडस होईना. फाइल माझ्या लॉकरमध्ये आहे."

उज्वलानं चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती खाटेवर अंथरली आणि कडा आत खोचल्या. मग उज्वला म्हणाली, "फाइल मी घेऊन जाते. जबाब तुला लिहून द्यावा लागेल. पण आईला आणि काकाला मी सांगणार नाही. ते तुझं काम आहे."

७

शुक्रवारी दुपारी मृत्युंजयला कोठडीतून काढून उज्वलाच्या खोलीत बसवलं. पार्वतम्माला अमृतराव घेऊन आले. ती दिराच्या समोरच्या खुर्चीवर बसली, तोंड मात्र खिडकीकडं. सुकन्या मध्ये उभी राहून बोलली. सगळं बोलली, खिळ्यापासून गाळापर्यंत. एकदाही रडली नाही.

आधी मृत्युंजय बोलला. "मग मी त्याला उतर म्हणलो, ते..."

"तुम्हाला माहीत नव्हतं, काका. मला अर्धं माहीत होतं."

पार्वतम्मानं खिडकीवरची नजर काढली. ती लेकीकडं बघत नव्हती, स्वतःच्या हातांकडं बघत होती.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

सुकन्या वळली.

"एक दिवस मोरीत पडले, मी लई बोलले. कुठं पिऊन येता म्हणले. तर म्हणले, पारू, पीत न्हाई. त्या सुया घेतल्यापास्न डोक्यातला काटा हललाय. पण सुकन्याच्या कानावर घालू नको. तिनं माझा पाय वाचवलाय, तिला वाटंल तिनं बिघडवलं. पोरगी परत कुणाला सुई टोचायला हात उचलायची न्हाई." आता तिनं लेकीकडं बघितलं. "मी हसले. म्हणले, प्यालेल्या माणसाला बरी कारणं सुचतेत. खरं मानलं असतं, तर कुणालातरी दाखवलं असतं. उतरू दिलं नसतं."

सुकन्या खाली बसली. जमिनीवरच, खुर्ची असताना. इतक्या दिवसांत न आलेलं रडं आता आलं, आणि पार्वतम्मा तिच्या शेजारी जमिनीवर उतरून बसली. मृत्युंजय उठून उभा राहिला आणि कुठं जावं हे न कळल्यासारखा तिथंच थांबला. मग वहिनीनं त्याच्या धोतराचं टोक धरून ओढलं, आणि तोही बसला.

उज्वला अमृतरावांना घेऊन बाहेर आली.

"मॅडम, ह्यात गुन्हेगार कोण लिहायचा?" अमृतरावांनी विचारलं.

"अपघाती मृत्यू लिहायचा. इंजेक्शनाचं जे आहे ते जसंच्या तसं लिहायचं, तिनंही तेच लिहून दिलंय. चूक कितपत, ते डॉक्टर लोकांची समिती ठरवील. आणि एक वेगळा कागद करायचा. शवविच्छेदनात दारूचा अंश नव्हता, त्याची नक्कल. ती देवळाच्या पंचांना द्यायची. माझ्या सहीनं. तुम्ही स्वतः नेऊन द्या, आणि सोमवारी द्या, गर्दी असते तेव्हा."

अमृतरावांनी मान हलवली.

चारच्या सुमारास कागदांवर सह्या झाल्या आणि तिघं बाहेर आले. गेटाशी सुकन्याची स्कूटी होती. मृत्युंजयनं सवयीनं किल्लीसाठी हात पुढं केला, मग हात मागं घेतला. "तूच चालव."

सुकन्या पुढं बसली. तिच्या मागं पार्वतम्मा, आणि सगळ्यात मागं, जागा नसताना कशीबशी टेकून, मृत्युंजय. स्कूटी सुरू झाली तशी पार्वतम्मानं एक हात मागं नेऊन दिराचं मनगट घट्ट धरलं. तिघं, एक गाडी, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, आणि तेही पोलीस ठाण्याच्या दारातून.

अमृतरावांनी उज्वलाकडं बघितलं. ती रजिस्टर उघडून काहीतरी वाचत होती, आणि स्कूटी बाजाराच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.